सरकीच्या तेलाची अर्धी गोष्ट

डोंबिवली पूर्वेला आमची चार मजल्यांची सोसायटी आहे आणि तिच्या गेटच्या आत मी शास्त्रज्ञ आहे. गेटबाहेर पाऊल टाकलं की पुन्हा निवृत्त कारकून होतो. हे पद मी मागितलं नव्हतं. आपसूक मिळालं तेव्हा नाकारलं मात्र नाही, आणि सगळी भानगड तिथूनच सुरू होते.

ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये अन्नपदार्थ तपासणाऱ्या एका खाजगी प्रयोगशाळेत मी एकतीस वर्षं नोकरी केली. आलेल्या बाटल्यांवर नि पुड्यांवर नंबर चिकटवायचे, रजिस्टरमध्ये नोंद करायची आणि तपासणी झाली की अहवाल टाइप करायचा, हे माझं काम. तपासणी काचेच्या पलीकडे चालायची. काचेच्या अलीकडे मी, टाइपरायटर आणि पुढे कॉम्प्युटर. पण तिथे शिपायापासून साहेबापर्यंत सगळ्यांना पांढरा कोट द्यायचे. दर शनिवारी तो कोट मी धुवायला घरी आणायचो आणि रविवारी बायको तो गॅलरीत वाळत घालायची. बस्स. त्या वाळणाऱ्या कोटाने मला जे दिलं ते कुठलीही पदवी देऊ शकली नसती.

लोक दूध घेऊन यायला लागले. हळद, हिंग, तूप, एकदा तर एकाने मुलीच्या सासरहून आलेले पेढे आणले. मी वस्तू उजेडाकडे धरायचो, जरा वास घ्यायचो आणि "हं" म्हणायचो. पाहुणा समाधानाने निघून जायचा.

"दुधात पाणी आहे हे गवळ्यालाही माहीत आहे," बायको म्हणायची. "तुम्ही त्यात काय शोध लावलात?"

"मी कुठे काय बोललो? 'हं' म्हणालो."

"तेच. त्या 'हं'वर तुम्हाला लोक शास्त्रज्ञ म्हणतात."

तळमजल्यावर एक वहिनी राहतात. नात्याने आमच्या कोणी नाहीत, पण सोसायटी नवी होती तेव्हा आम्ही एकाच महिन्यात राहायला आलो, त्यामुळे मी त्यांचा भाऊजी आणि त्या माझ्या वहिनी. यजमान जाऊन नऊ वर्षं झाली. त्याच्याही आधीपासून त्या फराळाच्या ऑर्डरी घेतात. घट बसले की त्यांची भाजणी दळून येते आणि मग दिवाळीपर्यंत जिन्यात खमंग वास कोंडलेला असतो. जवळच्या दिवा गावाहून दोन बायका मदतीला येतात. त्यांच्याकडे नळाला पाणी आलं तर नऊला, नाही आलं तर अकराला. वहिनींचा मुलगा पुण्याला असतो. गुणी मुलगा. "आई, आता बास झालं, इकडे ये" असं तो दर फोनवर म्हणतो, आणि दर फोनवर त्यांचं एकच उत्तर असतं, "ऑर्डरी घेतल्यात रे." त्या एका वाक्यावर त्या या घरात टिकून होत्या. पुण्याच्या घराला त्यांचा विरोध नव्हता. पण तिथे त्यांना कुणाची तरी आई म्हणून राहावं लागलं असतं, आणि इथे त्या चकलीवाल्या वहिनी होत्या.

हंगामाच्या पहिल्या घाण्यातली पहिली चकली देवापुढे जायची आणि दुसरी ताटलीत झाकून माझ्याकडे यायची, तपासणीला. मी ती कानाशी मोडायचो. कट्‌ आवाज आला की म्हणायचो, "पास." वहिनी हसायच्या. गंमत होती, पण मला वाटतं, दोघांनाही ती थोडी खरी वाटायची.

आता माझा प्रताप सांगतो.

दसरा होऊन दोन-तीन दिवस झाले असतील. संध्याकाळी पार्किंगमध्ये आमचा कट्टा भरला होता. चार प्लास्टिकच्या खुर्च्या आणि पाच म्हातारे. पाचवा स्कूटरवर बसतो. त्यात बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ आहेत. मोबाइलवर आलेलं काहीही मोठ्याने वाचून दाखवणं हे त्यांनी स्वतःकडे घेतलेलं काम. त्या दिवशी जीएम, म्हणजे जनुकं बदललेल्या अन्नाबद्दल आलं होतं. टोमॅटोत माशाचा अंश, केळ्यात इंजेक्शन, आणि शेवटी 'हा संदेश दहा जणांना पाठवा'.

"काय हो शास्त्रज्ञ," ते म्हणाले, "हे जीएम आपल्याकडे आलंय का?"

माझ्याकडे सगळ्यांचे चेहरे वळले. असे चेहरे वळले की माझ्या अंगावर तो कोट आपोआप चढतो.

"घाबरू नका," मी म्हणालो. "आपल्या देशात खायच्या पिकाला अजून मोकळी परवानगी नाही. वांगं आलं होतं, त्याला ऐन वेळी थांबवलं. मोहरीचं घोंगडं कोर्टात भिजत पडलंय."

"म्हणजे आपण सेफ."

इथे थांबायला हवं होतं. पण 'आपण सेफ' या वाक्यानंतर शास्त्रज्ञाला कोण विचारतो? चेहरे परत मोबाइलकडे वळायला लागले होते.

"पण," मी म्हणालो आणि मुद्दाम थांबलो, "तुम्ही ते रोज खाताय."

"आँ?"

"कापूस."

"कापूस खायला मी काय गाय आहे?" स्कूटरवरचे म्हणाले.

"कापूस नाही, त्याचं बी. सरकी. आपल्याकडचा बहुतेक कापूस बीटी. जमिनीतल्या एका जिवाणूचा गुण त्यात घातलाय, बोंडअळी मरावी म्हणून. त्या कापसाची सरकी, सरकीचं तेल, आणि तेलात तळलेलं फरसाण."

"अरे बापरे!"

काय सांगू, त्या 'अरे बापरे'सारखं गोड मी बऱ्याच वर्षांत काही ऐकलं नव्हतं.

बँकवाल्यांनी आवाज खाली आणला. "तळमजल्यावर सरकीच्या तेलाचे डबे येतात. मी स्वतः पाहिलेत. म्हणजे त्या चकल्या..."

याच्या पुढची गोष्ट मला माहीत होती. नीट माहीत होती, हातांनी टाइप केलेली होती. ती जिभेच्या टोकावर आलीही. पण ती गोष्ट कंटाळवाणी होती हो. तिने 'अरे बापरे' विझलं असतं. म्हणून मी ती गिळली आणि म्हणालो, "तांत्रिकदृष्ट्या, हो."

आणि जेवायला वर गेलो.

चार दिवसांनी सकाळी वहिनी आल्या. हातात झाकलेली ताटली. बायकोने त्यांना बसवलं. मी चकली मोडली, आवाज खणखणीत आला, मी "पास" म्हणालो, पण वहिनी हसल्या नाहीत.

"भाऊजी, एक विचारायचं होतं. लोक ऑर्डरी काढून घेतायत. दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी, समोरच्या बिल्डिंगीतल्या सगळ्याच. कोणी नीट बोलत नाही. 'यंदा डायबेटिस आहे', 'यंदा गावाला जातोय.' शेवटी एकीने सांगितलं, माझ्या तेलात म्हणे जनुकीय काहीतरी आहे. कुणीतरी माहीतगार माणूस बोललाय."

माझ्या तोंडात चकली होती. ती चावावी की नको, कळेना.

"कोण हो असा माहीतगार?" बायकोने विचारलं. माझ्याकडे पाहून विचारलं.

"कोण का असेना," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही या विषयातले. तुम्ही जरा लोकांना सांगा ना. तुमचं ऐकतील." मग ताटलीचं झाकण उगाच फिरवत म्हणाल्या, "मुलगा धनत्रयोदशीला येतोय, गाडी घेऊन. परवा फोनवर बोलता बोलता माझ्याच तोंडून निघून गेलं की यंदा ऑर्डरी नाहीत. झालं! म्हणाला, 'मग आता काय अडलंय? दिवाळी पुण्याला करू आणि ते घर भाड्याने देऊन टाकू.' मी 'बघू' म्हणून फोन ठेवला."

त्या खाली गेल्या. बायकोने दार लावलं.

"तांत्रिकदृष्ट्या," ती म्हणाली, "तुम्ही गाढव आहात."

तिला कट्ट्यावरचं सगळं पहिल्याच संध्याकाळी कळलं होतं. बिल्डिंगीत बायकांचा कट्टा दिसत नाही, पण तो चोवीस तास भरलेला असतो.

मग मी निस्तरायला निघालो. सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक निवेदन लिहिलं. सरकी म्हणजे काय, तेल कसं शुद्ध करतात, प्रथिनं म्हणजे काय. दोन तास लागले. खाली सात जणांनी हात जोडले, एकाने 'शुभ सकाळ' घातलं आणि बँकवाल्यांनी लिहिलं, 'चकल्या पोचलेल्या दिसतात.' 'अरे बापरे' एका श्वासात पसरलं होतं. 'तसं काही नाही' कुणी शेवटपर्यंत वाचतसुद्धा नव्हतं.

तेव्हा मला माझ्या जुन्या प्रयोगशाळेची आठवण झाली. शिक्क्याचा कागद आणायचा, जिन्यात लावायचा, विषय संपला! वहिनींकडे गेलो, 'तपासून आणतो' म्हणून बाटलीभर तेल मागून घेतलं आणि ठाण्याला गेलो. टेंभी नाक्यावर देवीचा मांडव अजून पुरता उतरवला नव्हता. मी रिक्षातूनच हात जोडले आणि म्हटलं, बाई, एवढ्या वेळी सांभाळ.

तपासणी प्रमुख आता एक मुलगी आहे. मुलगी म्हणजे चाळिशीची. पण नोकरीच्या पहिल्या दिवशी तिला रजिस्टर कुठे असतं ते मी दाखवलं होतं, म्हणून मला ती मुलगीच. तिने चहा मागवला, बाटलीचं बूच काढलं आणि वास घेतला. पुन्हा घेतला.

"काका, ही बाटली कसली होती?"

मी बाटलीकडे पाहिलं. वरचं लेबल मी सोलून काढलं होतं. खालचं माक्याचं चित्र राहिलं होतं.

"डोक्याला लावायच्या तेलाची," मी म्हणालो.

"'नमुना स्वच्छ, कोरड्या व वासरहित बाटलीत आणावा.' ही पाटी दारावर कोणी लावली होती?"

"मी."

"या नमुन्यात जीएम आहे की नाही सांगता येणार नाही, पण खाणाऱ्याचे केस छान राहतील." ती हसली, बाटली बाजूला ठेवली. "कागद कशाला हवाय?"

मी सगळं सांगितलं. ती ऐकत गेली तसतशी हसायची थांबली.

"काका, रिफाइंड तेलात शोधण्यासारखं जवळपास काही उरतच नाही. आमच्या तपासणीत 'आढळले नाही' असं येईल. त्याचा अर्थ ते बीटी कापसाचं नव्हतं असा होत नाही. आणि 'सुरक्षित आहे' असं मी लिहू शकत नाही. तो अधिकार माझा नाही. ते ठरवणाऱ्या समित्या दिल्लीत आहेत. आम्ही आमच्यासमोर आलेल्या बाटलीपुरतं बोलतो. हे मी तुम्हाला सांगायचं?"

"म्हणजे तू काहीच लिहून देणार नाहीस."

"तुम्हाला हवं ते नाही. बरं, तुम्ही लोकांना नक्की किती सांगितलंत?"

"सरकी बीटी कापसाची असते, इथपर्यंत."

"आणि पुढचं?"

"राहिलं."

"राहिलं की ठेवलं?"

मी चहा पिऊन उठलो. जाताना तिने मला एक नवी, कोरडी बाटली दिली. नुसतीच. मला ती फार लागली.

घरी न जाता मी तळमजल्यावर गेलो. वहिनींच्या स्वयंपाकघरात दिव्याच्या दोघी भाजणी मळत होत्या आणि वहिनी सोऱ्या दाबत होत्या. कागदावर गोल गोल चकल्या पडत होत्या. मी दारातच उभा राहिलो, कारण बसलो असतो तर बोललो नसतो.

"वहिनी, तो माहीतगार माणूस मी."

सोऱ्या थांबला. चकलीचं शेवटचं टोक अर्धवट लोंबत राहिलं.

"अगो बाय! काका, तुमी?" दिव्याची एक म्हणाली.

वहिनींनी ती चकली मोडली, पुन्हा गोळा केली, पुन्हा दाबली. ती वाकडी आली.

"तुमच्या बायकोला माहीत होतं?"

"हो."

"आणि ती तुम्हाला जेवायला घालत होती?"

"नुसती मुगाची खिचडी."

त्यांच्या ओठांचा कोपरा हलल्यासारखा वाटला, पण हसू आलं नाही. "बावीस वर्षं देवाच्या पाठोपाठची चकली तुम्हाला देतेय मी, भाऊजी," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. चढला असता तर बरं झालं असतं. मग पदराने कपाळ पुसून म्हणाल्या, "आता बसा. आणि मला सगळं सांगा. लोकांना सांगितलंत तेवढं नाही, सगळं. या तेलाने त्रास होतो की नाही?"

कट्ट्यावर चौघांनी 'अरे बापरे' म्हटलं होतं. हा साधा प्रश्न एकानेही विचारला नव्हता.

मी पाटावर बसलो आणि काचेपलीकडची माणसं बोलायची तसं, शब्द जपून सांगितलं. की अळी मारणारा तो गुण प्रथिनात असतो आणि तेल रिफाइंड करताना प्रथिनं निघून जातात, तेलात जवळपास काही उरत नाही. की या तेलाने कुणाला त्रास झाला असं दाखवणारा कागद माझ्या हाताखालून कधी गेला नाही. की तरीही विचारणारा माणूस वेडा नाही, कारण कापूस आला कपड्यासाठी आणि त्याचं तेल मागच्या दाराने स्वयंपाकघरात शिरलं, ते कुणी आपल्याला विचारून आणलेलं नाही, आणि तेलाच्या डब्यावर तसं लिहिलेलं निदान मी तरी पाहिलेलं नाही. की मला यातलं जे ठाऊक आहे ते टाइप करून ठाऊक आहे, शिकून नाही.

"एवढं सगळं माहीत होतं तर नुसतं 'हो' कशाला म्हणालात?"

"ऐकायला बरं वाटत होतं, वहिनी."

त्या मान हलवत राहिल्या. मला जरा धीर आला. म्हटलं, "तेलच बदलून टाका. शेंगदाण्याचं घ्या. मी सगळ्यांना सांगतो, तेल बदललं."

"नाही," त्या पटकन म्हणाल्या. "गुपचूप बदललं तर इतकी वर्षं मी काहीतरी वाईट खाऊ घालत होते असं होतं. मी काही लपवलेलं नाही. सरकीच्या तेलात चकली खवट होत नाही, वास धरत नाही, म्हणून मी ते वापरते. ज्याला नको असेल त्याने तोंडावर सांगावं." मग दिव्याच्या दोघींकडे वळून, "माळ्यावरची दुसरी कढई काढा गं."

आणि मला म्हणाल्या, "तुम्हाला लिहिता येतं ना? मग लिहा."

पुठ्ठा सापडला, मार्कर सापडला. मी सुरुवात केली, 'जनुकीय अभियांत्रिकीद्वारे विकसित कपाशीच्या बियांपासून...'

"खोडा. लोक जिना उतरता उतरता वाचतात."

तीन पुठ्ठे वाया गेले. चौथ्यावर त्यांनी सांगितलं तसं उतरवलं: 'या चकल्या सरकीच्या तेलात तळल्या आहेत. सरकी बीटी कापसाची असू शकते. ज्यांना नको असेल त्यांनी सांगावे, शेंगदाण्याच्या तेलात वेगळ्या कढईत तळून मिळतील. शंका असल्यास रोज संध्याकाळी पाच ते सात भाऊजी दारात बसतील.'

"शेवटचं वाक्य कशाला?" मी विचारलं.

"दंड," वहिनी म्हणाल्या.

बसलो मी. अकरा संध्याकाळी, स्टुलावर. पहिल्या दोन दिवशी कोणी फिरकलं नाही. लोक पाटी वाचायचे, माझ्याकडे बघायचे आणि भराभरा जायचे. तिसऱ्या दिवशी बँकवाले आले. त्यांनी पाटी मोठ्याने वाचली, सवयच ती.

"हे 'असू शकते' म्हणजे काय? आहे की नाही?"

"तेलवाल्यालाही ठाऊक नाही. म्हणून 'असू शकते'."

"आणि खाल्लं तर?"

मी सगळं सांगितलं. वीस मिनिटं लागली. मधे दोनदा त्यांना फोन आला, दोन्ही वेळा त्यांनी तो कापला.

"हे त्या दिवशी का नाही बोललात?"

"तुम्ही 'अरे बापरे' इतकं मनापासून म्हणालात, की मोडवेना."

"च्यायला," ते म्हणाले. जरा घुटमळले. मग दाराआड डोकावून म्हणाले, "वहिनी, शेंगदाण्यातल्या एक किलो. आणि... त्या दुसऱ्या पाव किलो. फरक बघायला."

सगळे परत आले नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या सूनबाई येऊन सरळ म्हणाल्या, "काकू, घरात बाळ आहे, यंदा मी कुठलंच नाही घेत." वहिनी म्हणाल्या, "बरोबर आहे बाई. लाडू घेऊन जा, तूप घरचं आहे." समोरच्या बिल्डिंगीतल्या काही जणी नाक्यावरून फरसाण आणतात, ते कुठल्या तेलात तळलं हे त्यांनी कधी विचारलं नाही, पण त्यांना तसं म्हणायचा अधिकार मी गमावला होता. वसुबारसेपर्यंत निम्म्याहून थोड्या जास्त ऑर्डरी जुळल्या. दोन्ही कढया चालू होत्या. दिव्याच्या दोघी अकराऐवजी रोज नऊला यायला लागल्या, पाण्याचं काय करत होत्या देव जाणे.

धनत्रयोदशीला मुलगा आला. गाडीची मागची सीट रिकामी करून आणली होती, आईचं सामान मावायला. दारात पाटी वाचत तो उभा राहिला. आत त्याची आई पिठाच्या हातांनी फोनवर कुणाला तरी सांगत होती, "कुठलं तेल हवं ते आत्ताच सांगा, मागाहून भांडू नका."

"आई, दमत नाहीस तू?"

"दमते की. हातपाय धू आणि सोऱ्या धर."

त्याने सोऱ्या धरला. तीन दिवस तो तिथेच होता, शर्टाच्या बाह्या वर करून. पुण्याचं नाव मी त्याच्या तोंडून ऐकलं नाही; पण तो आईकडे पाहायचा ते मात्र मी पाहिलं. पुण्याला गेली की हिच्या हातांना काय काम द्यायचं, हे त्याचं त्यालाच सुचत नसावं.

पाडव्याला तो निघाला. मी गाडीपाशी उभा होतो.

"काका, तिने आता संक्रांतीच्या गूळपोळ्यांच्या ऑर्डरी घेतल्यात," तो म्हणाला. "मी काय बोलणार? जरा लक्ष ठेवा तिच्याकडे."

"हो," मी म्हणालो. आणखी काहीतरी छान बोलावंसं वाटत होतं. नाही बोललो.

गाडी वळली तेव्हा आत दिसलं. पुढच्या सीटवर, जिथे आईला बसवून न्यायचं होतं, तिथे चकल्यांचा मोठा डबा ठेवला होता, आणि सांडू नये म्हणून त्याला सीटचा पट्टा लावला होता.